डोंगरवाटेवरील मुका सोबती

पंचांगाच्या हिशेबाने वसंत ऋतू चैत्र व वैशाख या दोन महिन्यांचा. परंतु सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत त्याची चाहूल फाल्गुनातच लागते. होळीच्या सुमारास मावळात फिरणाऱ्यास पळस, पांगारा व काटेसावर हे तिन्ही वृक्ष पर्णहीन असूनही लाल फुलांनी डवरलेले दिसतात. अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांच्या झुबक्यांनी झाकून जातात, कुसुंबास तांबूस पालवी फुटते, करवंदीच्या जाळ्यांत पांढरी फुले डोकावू लागतात. अशा दिवसांत शहरातील तरुण मंडळींस डोंगर खुणावू लागावेत यात नवल नाही.

तथापि या ऋतूचे एक लक्षण असे आहे की, त्याची सकाळ हेमंताची असते आणि दुपार ग्रीष्माची. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि दहा वाजतात न वाजतात तोच काळा कातळ तापू लागतो. ओढे आटलेले, गवत वाळून कोळ झालेले, वाटेवरचा मुरूम सुटून पायाखाली घसारा झालेला. अशा स्थितीत मनुष्यही बेताबेतानेच चालतो. मग जो आपल्याबरोबर केवळ आपल्या प्रेमापोटी निघाला आहे, ज्यास 'मी दमलो' एवढे दोन शब्द उच्चारता येत नाहीत, त्या कुत्र्याची काय कथा? पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून आज कुत्रा अंगणातून माजघरात आला आहे, आणि रविवारी मुलांबरोबर तो गडावरही जाऊ लागला आहे. या नव्या प्रघाताविषयी घरातील वडील माणसांनी नाके न मुरडता, पण डोळेही न मिटता, काही विचार करावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

कुत्रा हा आपल्या परंपरेस परका आहे असे कोणी समजू नये. ऋग्वेदात इंद्राची दूती होऊन पणींकडे चोरीस गेलेल्या गाईंचा शोध घेण्यास जाणारी सरमा ही देवशुनीच होय. वैश्वदेवाच्या वेळी काढलेल्या अन्नात श्वानाचा वाटा आपल्या पूर्वजांनी ठेविलेला आहे. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा आहे, दत्तात्रेयांच्या पायांशी चार आहेत. पण या सर्वांहून आम्हांस विशेष वाटते ते महाभारताचे. त्या प्रचंड ग्रंथाच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रमंडपात सरमेचे एक पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्यास बडवून हाकलून देतात. सरमा जाब विचारण्यास येते, कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती राजास शाप देऊन निघून जाते. आणि सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात, पाचही पांडव व द्रौपदी हिमालयाच्या वाटेने निघाले असता त्यांच्या मागून सातवा चालत असतो तो एक कुत्राच. एकेक जण वाटेत पडतो. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा हे दोघेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्यास सोडून वर चढावयास सांगतो, त्यास धर्मराज नकार देतो. ग्रंथाच्या आरंभी निरपराध कुत्र्यावर झालेला अन्याय, आणि शेवटी कुत्र्यासाठी नाकारलेला स्वर्ग! गिरिभ्रमणात कुत्र्यास सोबत नेणाऱ्याने या दोन्ही कथा ध्यानी ठेविल्यास त्यास निराळ्या नीतिग्रंथाची गरज पडू नये.

आता शास्त्राकडे वळू. मनुष्यास सर्वांगास घाम येतो व त्या योगे त्याचे शरीर निवते. कुत्र्यास अशी सोय नाही. त्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पायांच्या गाद्यांपुरत्याच असतात. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे प्रमुख साधन म्हणजे धापा टाकणे. स्वस्थ बसलेला कुत्रा मिनिटास १५ ते ३० वेळा श्वास घेतो. उष्म्यात तोच आकडा ३०० पर्यंतही जातो. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून अधिक असते. ते १०६ अंशांच्या घरात गेले म्हणजे आतील इंद्रियांस इजा होऊ लागते आणि जिवावर बेतते. शिवाय त्याचे शरीर भूमीपासून हातभरच उंच असल्याने तापलेल्या कातळाची धग त्यास खालूनही लागते. आपल्या पायांत जाड तळांचे बूट असतात. तो अनवाणी असतो.

त्यातही जातीजातींत भेद आहे. धनगरांच्या मेंढरांबरोबर घाट उतरणारी कुत्री, मुधोळची सडपातळ शिकारी जात किंवा आपला गल्लीतला गावठी कुत्रा, यांची अंगकाठी व आखूड केस या देशाच्या उन्हास सोसतील असेच घडलेले आहेत. मुधोळ जातीच्या कुत्र्याचे चित्र टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापून तिचा गौरवही केला. याउलट आज घरोघर दिसणारा लॅब्रॅडोर हा मूळचा न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रकिनाऱ्यावरील कोळ्यांचा साहाय्यक. दाट दुहेरी लोकर हे त्याचे जन्मजात वस्त्र. आणि चपट्या नाकाचा पग तर सपाट रस्त्यावरही मोठ्या कष्टाने श्वास घेतो. त्यास फाल्गुनात डोंगर दाखवू नये हे उत्तम.

हे सारे केवळ पुस्तकी नव्हे. गेल्या फाल्गुनात आम्ही आमच्या पुतण्याच्या कुटुंबासह राजगडी निघालो होतो. मंडळींत पुतण्या, सूनबाई, बारा वर्षांची नात, नऊ वर्षांचा नातू, आणि राजा व मोती हे दोन कुत्रे. राजा हा सहा वर्षांचा, ३४ किलो वजनाचा लॅब्रॅडोर. मोती हा गावठी, पावसात कुडकुडत दारी आलेला व तेथेच राहिलेला. आमच्या वहिनी सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांनी दोघांसही स्वयंपाकघराच्या उंबरठ्याची मर्यादा घालून दिली आहे, आणि घरातील मुलांपेक्षा कुत्रीच ती अधिक निष्ठेने पाळतात असा त्यांचा अभिप्राय आहे. निघण्याच्या आदल्या रात्री नातवंडांस आम्ही महाप्रस्थानाची कथा सांगितली होती. त्याच वेळी पुतण्याने एक नियम घालून दिला होता: चालण्याचा वेग सर्वांत मंद चालणाऱ्याचा, आणि कोणाही एकास पुढे जाववले नाही तर सर्वांनी परतावयाचे. हा नियम करताना सर्वांच्या नजरा आमच्या पांढऱ्या केसांकडे वळल्या होत्या, हे सांगितले पाहिजे.

राजगड ही रायगडापूर्वीची शिवछत्रपतींची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंच. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उभा बालेकिल्ला. मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांचा २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत हा एक आहे. गुंजवण्याकडून चोरदरवाजाने चढणारी वाट शेवटी खड्या कातळाची, लोखंडी कठड्यांस धरून चढावी लागणारी. तेथे कुत्र्यास नेणे म्हणजे त्याच्या व आपल्याही जिवाशी खेळ. म्हणून पुतण्याने पालीची वाट निवडली. ही पायऱ्यांची, पूर्वीची राजरस्त्याची वाट गडाच्या पश्चिमेकडून चढत असल्याने सकाळी बराच वेळ डोंगराची सावली मिळते.

झुंजुमुंजू होता होताच आम्ही पायथा सोडला. राजा व मोती दोघेही साखळीस बांधलेले. गावातला एक तांबडा कुत्रा कोणी न बोलावता आमच्यापुढे वाट दाखवीत निघाला. पहिला तास फार रम्य गेला. दरीत धुके, पांगाऱ्यावर साळुंक्यांचा कलकलाट, दोन्ही कुत्र्यांची नाके जमिनीशी लागलेली. दर अर्ध्या तासास थांबून पुतण्या घडीच्या वाडग्यात दोघांस पाणी पाजी. पण डोंगराच्या धारेवरून ऊन खाली उतरले तसा राजाचा नूर बदलू लागला. जीभ रुंद होऊन फावड्यासारखी बाहेर लोंबू लागली, लाळ चिकट झाली, प्रत्येक झुडपाच्या सावलीत तो बसू पाहू लागला. पाली दरवाजाच्या पायऱ्या दिसू लागल्या त्या ठिकाणी त्याने एका करवंदीच्या जाळीत अंग टाकले आणि पुतण्याने हाक मारली तरी केवळ शेपटीचे टोक हलविले. तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

दरवाजा समोर दिसत होता. नातू रडकुंडीस आला. त्याच्या शाळासोबत्यांनी गड पाहिलेला, आणि हा मात्र उंबऱ्यावरून परत जाणार! "थोडंच तर राहिलंय, बाबा. त्याला जरा ओढलं की येईल तो," असे तो म्हणाला. ते खोटेही नव्हते. राजास ओढले असते तर तो आला असता; मालकाच्या शब्दाखातर कुत्रा शक्ती संपल्यावरही चालतो, आणि धोका आहे तो नेमका येथेच. वर चढून गेल्यावर तो कोसळला असता, तर ३४ किलोचे जनावर पाठुंगळी घेऊन, भर उन्हात, घसाऱ्यावरून कोण उतरविणार होते?

पुतण्याने वाद घातला नाही. त्याने प्रथम राजाचे पोट, जांघा, कान व पंजे पाण्याने भिजविले. सूनबाई पदराने वारा घालू लागल्या. अशा वेळी अंगावर ओले कापड नुसते पांघरून ठेवू नये, त्याने ऊब आतच कोंडते. पाणी ओतावे व वारा घालावा, हे पुतण्याने आम्हांस तेव्हा समजावून सांगितले. पाणी पिण्यास दिले तेही थोडेथोडे. शेजारीच ताकाची कळशी घेऊन बसलेली एक म्हातारी मावळीण हे सारे पाहत होती. ती नातवास म्हणाली, "आरं लेकरा, गड काय कुटं पळून चाललाय व्हय? मुकं जनावर हाय त्ये. त्याला बगून घ्ये आधी." आणि तिने आपल्या घागरीतील पाणी, जे तिने खालून डोक्यावर वाहून आणले होते, ते मागितल्यावाचून पुढे केले.

नात इतका वेळ गप्प होती. ती आम्हांस एकाएकी विचारती झाली, "आजोबा, त्या गोष्टीतला कुत्रा दमला असता, तर युधिष्ठिराने काय केलं असतं?"

आम्ही चाळीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविले. ही कथा किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. पण हा प्रश्न आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. व्यासांनी त्या कुत्र्यास दमू दिलेले नाही. तो साक्षात धर्मच होता, तो कसा दमेल? आम्ही इतकेच म्हणालो, की ज्याने त्याच्यासाठी रथ थांबवून धरला, तो त्याच्यासाठी वाटेत बसला नसता काय? नातवाने हे ऐकले. तो काही बोलला नाही; पण डोळे पुसून राजाच्या शेजारी जाऊन बसला आणि स्वतःच्या टोपीने त्यास वारा घालू लागला. अर्ध्या तासाने श्वास संथ झाला, राजा उठून उभा राहिला, आणि आम्ही सर्वजण सावलीसावलीने खाली उतरलो. सायंकाळी पशुवैद्यांनी तपासून अपाय झाला नसल्याचे सांगितले, आणि यापुढे त्यास थंडीखेरीज चढावर न नेण्याची आज्ञा केली. नातवाचा राजगड अद्याप व्हावयाचा आहे.

त्या दिवशी शिकलेल्या व पुतण्याकडून ऐकलेल्या काही गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

कुत्र्यासह डोंगर चढण्याचा खरा काळ मार्गशीर्ष व पौष. फाल्गुनात जावयाचेच असेल तर पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतीस लागावे. कातळ तापला आहे की नाही हे पाहण्यास हाताची मागील बाजू त्यावर पाच-सात पळे नव्हे, पाच-सात सेकंद टेकवावी. आपणांस सोसवत नसेल तर त्याच्या पंज्यांसही सोसणार नाही. गडावरील टाक्यांतून या दिवसांत पाणी असेलच असा भरवसा धरू नये. कुत्र्याचे पाणी आपल्या पाण्याहून निराळे, आणि मुबलक, बरोबर न्यावे. भरल्या पोटी चढ चढवू नये. शिदोरीतील मनुके, कांदा व चॉकलेट हे तिन्ही पदार्थ कुत्र्यास विषासमान आहेत; प्रेमाने भरविलेला खाऊ घातक ठरल्याची उदाहरणे पशुवैद्य सांगतात.

वाळलेल्या कुसळी गवताची टोके बाणासारखी कानांत, बोटांच्या बेचक्यांत व नाकपुड्यांत शिरतात आणि आत आत सरकत जातात. म्हणून घरी परतताच कानापासून शेपटीपर्यंत अंग तपासावे. त्याच वेळी गोचिडीही सापडतात, आणि गोचिडींपासून होणारा ताप कुत्र्यास फार खंगवितो. दगडांच्या सांदींत फुरसे असते व कुत्र्याचे नाक नेमके तेथेच जाते, यास्तव साखळी सोडू नये. साखळीचे आणखी एक कारण बिबट्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात, बिबट्याच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच असल्याचे आढळून आले आहे. अंधारात मागे रेंगाळलेला कुत्रा परत येईलच असे नाही.

जसे अरण्यापासून कुत्र्यास भय, तसे कुत्र्यापासून अरण्यासही भय आहे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी येते. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर नामक रोगाने सिंहांचा सुमारे एक तृतीयांश भाग नाहीसा झाला. २०१८ साली आपल्या गीरच्या सिंहांतही तोच रोग शिरला होता. म्हणून भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अशा अभयारण्यांत घरचा कुत्रा नेण्याचा आग्रह धरू नये. अन्यत्रही वनखात्याची व पुरातत्त्व खात्याची अनुज्ञा आहे किंवा नाही हे आधी विचारावे. डिस्टेंपरची व पिसाळरोगाची लस नियमाने टोचून घ्यावी. १८८५ साली पाश्चरने चावा घेतलेल्या एका मुलास पिसाळरोगाची लस प्रथम टोचली, तेव्हापासून या रोगास अटकाव करण्याचे साधन मनुष्याच्या हाती आहे. ते न वापरणे यास अज्ञान नव्हे, हयगय म्हणावे लागेल. इतर यात्रेकरूंत कुत्र्यास भिणारी मुले-माणसे असतात, देवळापुढे बसलेले भाविक असतात. त्यांच्याजवळून जाताना साखळी आखूड धरावी, आणि कुत्र्याची घाण आपण उचलावी. यात कमीपणा नाही.

शेवटी त्या तांबड्या कुत्र्याविषयी एक शब्द. गडांच्या पायथ्याच्या गावांतील कुत्री पर्यटकांमागे वर चढतात, बिस्किटांच्या आशेने दिवसभर चालतात. राजगडाहून तोरण्याकडे, किंवा अन्य एखाद्या गडाच्या दुसऱ्या अंगास, मंडळी उतरून जातात आणि मोटारीत बसून घरी येतात. मागे तो कुत्रा अनोळखी गावच्या शिवेवर उभा राहतो, आणि तेथील कुत्री त्यावर तुटून पडतात. ज्यास शेवटपर्यंत नेणे वा परत पोहोचविणे आपल्याच्याने होणार नाही, त्यास खाऊ दाखवून सोबतीस घेऊ नये. आमच्याबरोबरचा तांबड्या आमच्याच वाटेने खाली आला व आपल्या घराच्या ओट्यावर जाऊन झोपला.

ज्या घरांतून कुत्रा पाळला आहे त्या घरच्या वडिलांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलांस डोंगरावर जाण्यापासून अडवू नका, कुत्र्यास नेण्यापासूनही नेहमीच अडवू नका. परंतु निघण्यापूर्वी परतण्याचा नियम घरीच ठरवून द्या. घाटावर, उन्हात, दरवाजा समोर दिसत असताना तो ठरविणे फार कठीण जाते. राजगडाने साडेतीनशेहून अधिक उन्हाळे पाहिले आहेत व पुढेही पाहील. कुत्र्याच्या वाट्यास सारे मिळून दहा-बारा वसंत येतात. घाई कोणाच्या सोयीने करावयाची आणि धीर कोणाच्या सोयीने धरावयाचा, हे यावरून ज्याचे त्याने ठरवावे.